बंद कवचातलं रसायन

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. या एकवीस दिवसांत कवचाच्या बारीक छिद्रांतून आत जातो तो प्राणवायू, आणि बाहेर पडतात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. बाकी देणंघेणं शून्य. धडधडणारं काळीज, डोळे, पिसं, चोच, नखं, जे काही बनतं ते बलकात, पांढऱ्यात आणि कवचात आधीपासून असलेल्या मालावरच. रसायनशास्त्रज्ञासाठी ही फार सोयीची गोष्ट आहे. रोज काही अंडी फोडायची, आतल्या एकेका पदार्थाचं मोजमाप करायचं, आणि काल नसलेलं काही आज दिसलं तर ते आतच तयार झालं असं बेधडक म्हणायचं.

1920 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत केंब्रिजमधल्या एका विशीतल्या संशोधकाच्या नजरेला अशीच एक नोंद पडली. इनॉसिटॉल नावाचा, साखरेच्या जातकुळीतला एक पदार्थ ताज्या अंड्यात जेमतेम सापडतो. पिल्लू बाहेर पडायच्या सुमाराला मात्र तो भरपूर असतो. मग तो आला कुठून? या प्रश्नावर त्या संशोधकानं पीएच.डी. केली आणि पुढची सतरा-अठरा वर्षं तो अंड्याच्या आतच रमला. जोसेफ नीडम हे त्याचं नाव. आज हे नाव घेतलं की लोकांना आठवतात ते चिनी विज्ञानाचा इतिहास सांगणारे जाडजूड खंड. त्या खंडांच्या ओझ्याखाली त्यांचं पहिलं आयुष्य पार दबून गेलं आहे. चरित्रकारही ते प्रस्तावनेसारखं उरकून टाकतात. माझ्या मते हा अन्याय आहे. शरीर ऊर्जा कशी खर्च करतं आणि शरीराला आकार कसा येतो, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हा प्रश्न नीडम यांनी जितक्या चिकाटीनं विचारला तितका त्या पिढीत फार थोड्यांनी विचारला.

नीडम यांचा जन्म 1900 सालचा, लंडनचा. वडील डॉक्टर, आई गाण्यांना चाली लावणारी. मुलगा केंब्रिजच्या कीझ कॉलेजात गेला तो डॉक्टर व्हायला. तिथल्या विल्यम बेट हार्डी या शिक्षकांनी त्याला रसायनशास्त्राकडे वळवलं, कारण यापुढे शरीराचं कोडं सुटेल ते अणुरेणूंच्या पातळीवर, असं त्यांचं मत होतं. मग तो पोहोचला फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी 1929 मध्ये नोबेल मिळालेले ते हेच हॉपकिन्स. पेशीत जे चालतं ते गूढ वगैरे काही नसून एकापाठोपाठ एक घडणाऱ्या साध्या रासायनिक क्रिया असतात, आणि त्या चिकाटीनं शोधता येतात, ही त्यांची शिकवण.

त्या काळात दुर्मीळ असलेली आणखी एक गोष्ट हॉपकिन्स यांच्याकडे होती. केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायलाही तयार नव्हतं (ती मिळायला 1948 उजाडावं लागलं), तेव्हा त्यांच्या विभागात स्त्रिया मोठ्या संख्येनं संशोधन करत होत्या. त्यांतल्या एक डोरोथी मॉयल. स्नायू आकुंचन पावताना त्यात रासायनिक काय घडतं, हा त्यांचा विषय. 1924 मध्ये जोसेफ आणि डोरोथी यांचं लग्न झालं. पुढे दोघंही रॉयल सोसायटीचे फेलो झाले, ते 1941 मध्ये आणि त्या 1948 मध्ये. फरक एवढाच, की जोसेफना विद्यापीठाचं पद मिळालं आणि डोरोथींची जवळजवळ सगळी कारकीर्द एका अनुदानाकडून दुसऱ्या अनुदानाकडे अशी गेली. याच विभागात 1937 मध्ये मुंबईहून एक विद्यार्थिनी आल्या: कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमलाबाई सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. बंगळुरूच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी प्रवेशच नाकारला होता, त्या कमलाबाईंनी केंब्रिजमध्ये बटाट्यातल्या सायटोक्रोम-सी वर काम करून 1939 मध्ये पीएच.डी. मिळवली.

अंड्याकडे परत येऊ. भ्रूण कोणतं इंधन जाळतो हे त्याला न विचारता कसं कळणार? त्याचा श्वास मोजून. कर्बोदकं जाळली तर जितका प्राणवायू लागतो तितकाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे दोहोंचं गुणोत्तर एक. स्निग्ध पदार्थ जाळले तर ते 0.7 च्या आसपास येतं, आणि प्रथिनांचं या दोन्हींच्या मध्ये. हे गुणोत्तर दिवसागणिक मोजलं आणि शिवाय आत काय कमी झालं, काय वाढलं याची रासायनिक पडताळणी केली, की चित्र उभं राहतं. नीडम यांना दिसलं ते असं: पिल्लू सुरुवातीला कर्बोदकं वापरतं, मग प्रथिनं, आणि दुसऱ्या आठवड्यापासून जवळजवळ सगळा भार स्निग्धांवर. एकवीस दिवसांचा एकूण खर्च पाहिला तर नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा बलकातल्या स्निग्धांतून येते.

यामागचं कारण शोधताना नीडम यांचा विचार खरा रंगात येतो. प्रथिनं जाळली की नायट्रोजनचा कचरा मागे राहतो. मासा हा कचरा अमोनियाच्या रूपात सोडून देतो. अमोनिया विषारी, पण भोवती पाणीच पाणी असल्यानं माशाला फिकीर नसते. बेडकाचं पिल्लूही पाण्यात असेपर्यंत तेच करतं; जमिनीवर आलं की ते युरियाकडे वळतं. कवचात बंद असलेल्या पिल्लाला मात्र हा कचरा टाकायला बाहेरची जागाच नाही. अमोनिया साठवला तर ते मरेल. युरिया विषारी नाही, पण पाण्यात विरघळतो, त्यामुळे त्याचं प्रमाण वाढत गेलं की आतलं पाण्याचं गणित बिघडणार. उरतं यूरिक आम्ल. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याचे पांढरे कण एका पिशवीसारख्या पडद्यात साठत राहतात आणि पिल्लू निघून गेल्यावर कवचाबरोबर मागे पडतात. पिल्लू बाहेर पडल्यावरचं टरफल उचलून आतली त्वचा पाहिली तर हा पांढुरका थर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पक्ष्यांच्या विष्ठेतला पांढरा भागही हाच.

अशा अंड्यांना नीडम यांनी ‘बंदिस्त’ असं वेगळं नाव दिलं, आणि स्निग्धांवरचा भारही याच हिशेबात बसवला. स्निग्ध जाळल्यानं नायट्रोजनचा कचरा होत नाही, उलट एका ग्रॅममागे ग्रॅमभरापेक्षा थोडं जास्त पाणी तयार होतं. कोंडून राहायचं तर यापेक्षा चांगलं इंधन कुठलं? सरपटणारे प्राणी आणि पक्षी पाण्यापासून दूर जाऊन अंडी घालू शकले ते या रासायनिक तडजोडीमुळे, हा त्यांचा निष्कर्ष. चयापचय आणि उत्क्रांती यांची अशी गाठ त्याआधी क्वचितच कुणी घातली होती.

याच मापनात एक मोहात पाडणारी गोष्ट निघाली. पिल्लाच्या वजनाच्या मानानं पाहिलं तर अमोनियाचं प्रमाण चौथ्या दिवशी सर्वांत जास्त होतं, युरियाचं नवव्या, आणि यूरिक आम्लाचं अकराव्या दिवशी. आधी मासा, मग बेडूक, मग पक्षी! पूर्वजांचा सगळा प्रवास पिल्लू आठवड्याभरात उरकून घेतं, असंच जणू. एवढं सुबक चित्र हाती आल्यावर ते सोडवणार कुणाला? पण 1935 मध्ये नीडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच त्याला तडा दिला. बेडकाच्या यकृतात युरिया ज्या चक्रातून बनतो ते चक्र पिल्लात चालत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. पिल्लातला युरिया निघतो तो आर्जिनीन नावाच्या अमिनो आम्लाच्या विघटनातून. म्हणजे पदार्थ बेडकाचाच, पण वाट निराळी. पाठ्यपुस्तकांनी मात्र ते तीन शिखरांचं चित्र नंतरही बरीच वर्षं जपून ठेवलं.

1931 मध्ये ‘केमिकल एम्ब्रियॉलॉजी’ हा ग्रंथ आला. तीन खंड, सुमारे दोन हजार पानं. भ्रूणाच्या रसायनाबद्दल तोपर्यंत कुणी काहीही लिहिलं असेल, ते यात आहे. आणि सुरुवातीला गर्भविज्ञानाचा भलामोठा इतिहास. प्राचीन इजिप्तपासून सुरुवात, मग अॅरिस्टॉटल, मग अंड्यांवर रासायनिक प्रयोग करून पाहणारे सतराव्या शतकातले टॉमस ब्राऊन वगैरे. हा भाग 1934 मध्ये स्वतंत्र पुस्तक म्हणूनही निघाला. प्रयोगशाळेतल्या माणसाला एवढा इतिहास कशाला, असं तेव्हा काहींना वाटलं असणार. पण चीनवरच्या खंडांची सवय इथेच लागली होती.

1933 मध्ये त्यांनी मांडलेला एक मुद्दा मला या सगळ्यात मोलाचा वाटतो. भ्रूणात एकाच वेळी तीन गोष्टी चालतात: तो वाढतो, त्याला अवयव फुटतात, आणि तो श्वास घेतो, म्हणजे ऊर्जा वापरतो. सगळं इतकं एकत्र चालतं की ही एकच क्रिया वाटते. नीडम यांनी दाखवलं की त्या सोडवता येतात. काही परिस्थितीत अवयव घडणं थांबतं आणि श्वास चालूच राहतो. कधी वाढ थांबते आणि घडण पुढे जाते. इंजिन सुरू ठेवून गिअर न्यूट्रलला टाकावा तसं. मग पुढचा प्रश्न आपोआपच येतो: एरवी हे गिअर एकत्र गुंतवून ठेवतं कोण?

उत्तराची आशा जर्मनीत दिसत होती. फ्रायबुर्गमध्ये हान्स श्पेमान यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड हिनं न्यूट या पाण्यातल्या, सरड्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या भ्रूणावर एक विलक्षण प्रयोग केला होता. हत्यारं म्हणजे काचेच्या सुया आणि तान्ह्या बाळाच्या जावळाच्या केसाचा फास. कोवळ्या भ्रूणात एका जागी पेशी आत वळू लागतात, तिथल्या वरच्या काठाचा एक कण तिनं कापला आणि दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला. तिथं दुसरं शरीर उगवलं, पाठकण्याच्या आणि मेंदूच्या आराखड्यासकट, पहिल्याला जोडलेलं. दोन भ्रूण दोन वेगळ्या रंगांच्या जातींचे असल्यानं कुठली पेशी कुणाची हे स्पष्ट ओळखता येत होतं, आणि नव्या शरीराचा बराचसा भाग यजमान भ्रूणाच्याच पेशींचा निघाला. म्हणजे त्या कणानं शेजाऱ्यांना आज्ञा दिली होती. श्पेमान यांनी त्याला ‘संघटक’ म्हटलं. 1924 मध्ये निबंध छापून आला, त्याच वर्षी घरातल्या शेगडीच्या भडक्यात भाजून हिल्डे गेली. वय पंचवीस. 1935 चं नोबेल एकट्या श्पेमान यांना मिळालं.

1932 मध्ये बातमी आली की हा संघटक मेला तरी काम करतो. उकळा, गोठवा, अल्कोहोलमध्ये टाका, मज्जासंस्था उगवतेच. नीडम यांच्यासाठी ही पर्वणी होती. जे उकळून टिकतं ते सजीव रचनेवर अवलंबून नाही; तो एखादा पदार्थ असणार, आणि पदार्थ असेल तर तो वेगळा काढता आला पाहिजे. 1933 च्या उन्हाळ्यात जोसेफ, डोरोथी आणि तरुण भ्रूणशास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन बर्लिनच्या डालेम भागातल्या प्रयोगशाळेत दाखल झाले. ती ओटो मांगोल्ड यांची, म्हणजे हिल्डेच्या पतीची. न्यूटच्या भ्रूणांपासून ईथरमध्ये अर्क काढायचा आणि दुसऱ्या भ्रूणाच्या पोकळीत ठेवून वाट पाहायची, असं काम. अर्क चालला! ईथरमध्ये उतरतो म्हणजे स्निग्धांच्या जवळचा, बहुधा कोलेस्टेरॉलच्या गणगोतातला स्टेरॉल, असा अंदाज निघाला. लैंगिक संप्रेरकं स्टेरॉलच्याच कुळातली असल्याचं त्याच सुमारास उलगडत होतं, त्यामुळे अंदाज अगदी तर्कशुद्ध होता.

आणि मग सगळं हातातून निसटू लागलं. कारण नको तितक्या गोष्टी चालू लागल्या. कुठल्याही प्राण्याचं यकृत चालतं, मूत्रपिंड चालतं, निरनिराळी संयुगं चालतात. 1936 मध्ये वॉडिंग्टन, नीडम आणि बेल्जियमचे जाँ ब्राशे यांनी मेथिलीन ब्लू हा निळा रंग लावून पाहिला, तर त्यानंही मज्जापेशी घडल्या. भ्रूणात मेथिलीन ब्लू असण्याचा प्रश्नच नाही. त्यांनी काढलेला अर्थ असा, की खरा पदार्थ पोटाच्या बाजूच्या पेशींतही झाकलेल्या अवस्थेत असतो आणि बाहेरचं काहीही त्याचं झाकण उडवतं. यातला पहिला अर्धा भाग, म्हणजे पेशींची आधीचीच तयारी, बरोबर होता. पण त्या काळच्या साधनांनी यापुढे जाता येणं शक्य नव्हतं. प्रत्येक कुलपाला प्रत्येक किल्ली लागत असेल, तर खरी किल्ली ओळखायची कशी? भौतिक, रसायन आणि जीव या तिन्ही शास्त्रांची मंडळी एकत्र बसतील अशी आकारविज्ञानाची संस्था केंब्रिजमध्ये काढावी म्हणून नीडम आणि वॉडिंग्टन यांनी रॉकफेलर फाउंडेशनकडे प्रस्ताव दिला. किरकोळ अनुदानं मिळाली, संस्था काही झाली नाही.

या अडचणीतून नीडम पुन्हा त्यांच्या जुन्या शस्त्राकडे वळले: श्वास मोजणं. फक्त आता मोजायचा होता तो मोहरीच्या दाण्याएवढ्या भ्रूणातून कापलेल्या एका कणाचा. कोपनहेगनच्या काय लिंडरस्ट्रोम-लांग यांनी 1937 मध्ये त्यासाठी एक अफलातून उपकरण काढलं होतं. काही मिलिमीटर लांबीचा, बारीक मानेचा काचेचा फुगा. त्यात तळाशी थेंबभर द्रवात ऊतीचा कण, मानेत कार्बन डायऑक्साइड शोषणारा अल्कलीचा थेंब, आणि मध्ये कोंडलेली इवलीशी हवा. हा फुगा बंद भांड्यातल्या द्रवात तरंगत ठेवायचा. कणानं प्राणवायू घेतला की आतली हवा कमी होते आणि फुगा बुडू लागतो. मग भांड्यातला दाब बदलून त्याला पुन्हा त्याच खुणेवर आणायचं. किती दाब बदलावा लागला, ते झालं त्या कणाच्या श्वासाचं माप. हात थरथरला की सकाळ फुकट!

एडगर बोएल यांच्याबरोबर 1939 मध्ये छापलेल्या निबंधमालेत नीडम यांनी बेडकाच्या भ्रूणातला संघटकाचा भाग आणि पोटाकडचा भाग यांची तुलना केली. प्राणवायूच्या वापरात फार फरक नव्हता. पण प्राणवायू नसताना साखर फोडण्याची क्रिया, ग्लायकोलिसिस, संघटकाच्या भागात कितीतरी जोरात होती. आकार देणाऱ्या जागेचं चयापचय खरोखरच वेगळं होतं. हे कारण की परिणाम, हे मात्र त्या फुग्याला सांगता येत नव्हतं.

1937 मध्ये हॉपकिन्स यांच्या विभागात चीनहून तीन संशोधक आले. नानजिंगच्या औषधविक्रेत्याची मुलगी लू ग्वेइ-जेन डोरोथींबरोबर स्नायूंवर काम करायला आली होती. वांग यिंगलाय पुढे शांघायला गेले आणि 1965 मध्ये कृत्रिम इन्सुलिन घडवणाऱ्या चमूचं नेतृत्व त्यांनी केलं. तिसरे शेन शिह-चांग. नीडम लू यांच्या प्रेमात पडले आणि चिनी भाषेच्याही. 1942 मध्ये ‘बायोकेमिस्ट्री अँड मॉर्फोजेनेसिस’ हा त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ते ब्रिटिश सरकारच्या वैज्ञानिक मदतकार्यासाठी युद्धग्रस्त चीनकडे निघाले. नंतर युनेस्को, मग 1954 पासून चीनवरचे खंड. जीवरसायनशास्त्राचं पद नावाला 1966 पर्यंत होतं, पण ते प्रयोगाकडे परत फिरकले नाहीत. चीनच्या ओढीनं ते गेले हे सगळेच सांगतात. मला वाटतं, समोरची वाट बंद झाली नसती तर ते इतक्या सहज गेले नसते. डोरोथी 1987 मध्ये गेल्या, 1989 मध्ये नीडम आणि लू यांनी लग्न केलं, लू दोन वर्षांत गेल्या, आणि नीडम 1995 मध्ये.

संघटकाचं कोडं सुटू लागलं ते नीडम यांच्या शेवटच्या वर्षांत. 1992 मध्ये नॉगिन आणि 1994 मध्ये कॉर्डिन ही प्रथिनं बेडकाच्या संघटकात सापडली, आणि त्यांच्या कामाची रीत कळल्यावर 1930 च्या दशकातला सगळा गोंधळ उमगला. भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या पेशी एकमेकींना बीएमपी नावाच्या प्रथिनातून सतत ‘त्वचा हो’ असा निरोप देत असतात. संघटक ‘मज्जा हो’ अशी आज्ञा देतच नाही. त्याची प्रथिनं बीएमपीला वाटेतच धरून ठेवतात. निरोप पोहोचला नाही की पेशी मज्जेकडे वळतात. न्यूटच्या त्या पेशी तर इतक्या काठावर असतात की त्यांना जरा इजा झाली, आजूबाजूचे क्षार बदलले, तरी तोल जातो. म्हणून यकृतही चालत होतं आणि निळा रंगही. नीडम हुकूम देणारा पदार्थ शोधत होते. तिथं होतं ते अडवणारं प्रथिन.

चयापचयाच्या धाग्याचं मात्र वेगळंच झालं. जनुकांच्या भरभराटीत तो अर्धशतकभर बाजूला पडला. ऊर्जा वापरणं ही पेशीची घरकामं, त्यांचा आकाराशी काय संबंध, असं धरून चाललं गेलं. 2017 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी, एकानं उंदराच्या आणि दुसऱ्यानं कोंबडीच्या भ्रूणात, शेपटीकडच्या टोकाशी ग्लायकोलिसिसचा उतार दाखवला: टोकाला जास्त, डोक्याकडे जाताना कमी. कोंबडीच्या भ्रूणात ही क्रिया औषधानं रोखली की शरीराची लांबी वाढणं अडतं, कारण कुठल्या पेशीनं काय व्हावं हे ठरवणारे एफजीएफ आणि डब्ल्यूएनटी हे संदेश याच उताराशी बांधलेले असतात.